गोचिडीचा वाफा

कात्रीमामांना कुठलीही गोष्ट जास्त वाढलेली बघवत नसे. पडद्याचा सुटलेला दोरा असो, पाहुण्याच्या मिशीतला एखादा चुकार केस असो, की पायरीच्या फटीतली गवताची काडी असो, दिसली रे दिसली की त्यांचा उजवा हात शिवशिवायला लागायचा. एकदा बँकेच्या रांगेत पुढच्या गृहस्थाच्या बाहीला एक धागा लोंबत होता. मामांनी खिशातली छोटी कात्री काढून तो अलगद कापला. धाग्याच्या दुसऱ्या टोकाला बटण होतं, हे ते फरशीवर घरंगळल्यावर कळलं. तेव्हापासून मामा बँकेत मामींना पाठवतात.

धंदा त्यांनी स्वभावाला साजेसाच निवडला होता. चढाच्या रस्त्यावर, घड्याळवाल्याच्या शेजारी, त्यांचं दोन खुर्च्यांचं सलून होतं. त्यातल्या एका खुर्चीवर दाढी-कटिंग व्हायची. दुसरीवर नुसते गप्पा मारायला येणारे बसायचे, आणि ती कधी रिकामी नसायची. सलूनच्या मागे स्वयंपाकघर आणि झोपायची खोली, वर आणखी एक खोली. त्या वरच्या खोलीत मामांची थोरली बहीण राहायची. तिला सगळे आक्का म्हणत. नवरा गेल्यापासून ती इथेच होती. सलूनच्या पायरीपासून फुटपाथच्या कठड्यापर्यंत खाटेएवढी जमीन फरशी न बसवता उरली होती, तिच्यावर राज्य आक्काचं.

त्या वाफ्यात आक्का दरवर्षी एकच फूल लावायची. पाकिटावर त्याचं भलंमोठं नाव असतं म्हणे, पण या घरात कुणाची जीभ तिथवर वळली नाही. घरात ते फूल 'गोचिडी', कारण त्याचं बी हुबेहूब गोचिडासारखं दिसतं. काळं, चपटं, जरासं वाकलेलं. नाव असं ओंगळ, पण फूल बघत राहावं असं. सुतासारखी पानं, तारेसारखे देठ, कमरेएवढी उंची आणि वर पिवळ्याधमक पाकळ्या, मध्ये गडद तांबडा डाग. पाकळ्यांची टोकं नागमोडी कात्रीने कापल्यासारखी, त्यामुळे मामांनाही ते फूल जरा आपलं वाटायचं. शेवंतीच्या गोतावळ्यातलंच, पण माळावर वाढलेलं. त्याला खत लागत नाही, लाड तर अजिबात चालत नाहीत. आयुष्य एका हंगामाचं. उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि वाळून जायचं. पुढच्या वर्षी पुन्हा हवं असेल तर बी धरून ठेवायचं. आधी त्यांच्या आईने ते धरलं, आईनंतर आक्काने.

यंदा आक्काच्या लेकीने हट्ट धरला की आता तू आमच्याकडेच राहायचं. लेक दूरच्या शहरात, पाचव्या मजल्यावर. आक्का निघाली तेव्हा वाफ्यात बोटभर रोपं आली होती, म्हणजे घरातलं होतं नव्हतं तेवढं बी मातीत गेलेलं. टॅक्सीत बसता बसता ती मामांना म्हणाली, "धाकट्या, तीन गोष्टी ऐक. पाणी बेताने घाल. खत घालू नकोस, माजतात. आणि बी धर. तिकडे गॅलरीत कुंड्या आहेत, त्यात लावीन. एवढं एक माझं म्हणून तिकडे असू दे."

मामांनी मान डोलावली. मामी दारात उभ्या होत्या. आक्काचं आणि त्यांचं भाजीतल्या मिठावरून वीस वर्षं भांडण चालू होतं. आक्का म्हणायची कमी, मामी म्हणायच्या बेताचं. टॅक्सी वळणाआड गेल्यावर मामी म्हणाल्या, "आता माझ्या घरात मीठ माझ्या हाताने पडेल." म्हणाल्या खऱ्या, पण त्या दिवशी भाजी खारट झाली होती आणि त्यावरून भांडायला कुणी नव्हतं.

तीन गोष्टींपैकी दोन मामांनी अक्षरशः पाळल्या. तिसरीचा त्यांनी विचारच केला नाही. दाढी झाली की पैसे येतात, तसं फुलं झाली की बी येईल, त्यात आपण करायचं काय, असा त्यांचा हिशेब होता.

फुलं आली. पहिल्या आठवड्यातच मामा निम्मा वेळ पायरीवर असायचे. मग पहिल्या फुलाच्या पाकळ्या गळल्या आणि देठावर एक तपकिरी बोंड उरलं. मामांना ते टक्कल पडलेल्या माणसासारखं दिसलं, तेही कानाजवळ चार केस राखून हिंडणाऱ्या. असल्या माणसांना मामा नेहमी एकच सल्ला द्यायचे. त्यांनी कात्री काढली आणि बोंड उडवलं.

चारच दिवसांत त्याच देठाच्या बगलेतून दोन नव्या कळ्या डोकावल्या. मामा हरखून गेले. कापलं की वाढतं! हा तर त्यांच्याच धंद्यातला मामला निघाला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी शटर वर केलं की आधी वाफ्याची हजामत आणि मग माणसांची, असा क्रम लागला. एक बोंड शिल्लक राहू द्यायचे नाहीत. वाफाही असा पेटला की विचारू नका. आक्काच्या राज्यात दीड महिन्यात आटपणारा बहर तीन महिने झाले तरी हटेना. मधमाश्यांची ये-जा, फुलपाखरांची वर्दळ. चढ चढणारी माणसं दम खायला बरोबर सलूनसमोर थांबायला लागली, आणि त्यातली काही दाढी करूनच पुढे जायला लागली.

दर रविवारी आक्काचा फोन यायचा.

"अजून आहेत फुलं?" ती विचारायची.

"अजून म्हणजे? आक्का, तू असताना नव्हती एवढी आहेत. रोज नवी! काल एकाने थांबून फोटो काढला."

"तुझा?"

"फुलांचा."

"मग ठीक आहे," आक्का म्हणायची. आणि पुन्हा विचारायची, किती आहेत, पिवळी कशी दिसतात, तांबडा डाग तसाच आहे का, सकाळी जास्त उघडतात की दुपारी. मामा रंगात येऊन सांगत सुटायचे. थोरल्या बहिणीवर वरचढ होण्याची संधी आयुष्यात पहिल्यांदा आली होती, ती कोण सोडतो?

अशाच एका रविवारी आक्काने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "आणि बी?"

मामांचा हात खिशातल्या कात्रीवर गेला. बी! ते बोंडातच असतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. आईच्या मांडीला मांडी लावून त्यांनी स्वतः बोंडं चोळून बी काढलं होतं. पण माहिती डोक्यात असते आणि कात्री हातात असते, आणि मामांच्या बाबतीत हातच नेहमी पुढे. खोटं बोलावं तर रेटून, या न्यायाने ते म्हणाले, "बी? डबाभर!"

मग आक्का म्हणाली, "बरं. नातवाची सुट्टी संपली की येते. महिना-सव्वा महिना लागेल."

फोन ठेवून मामा बाहेर धावले. वाफ्यात एक बोंड सापडेल तर शपथ. तीन महिन्यांची बोंडं त्यांनी रोजच्या केसांबरोबर सुपलीत भरून कचऱ्याच्या गाडीत घातली होती. खालची माती चाळली, देठ वाकवून बघितले. काम इतकं चोख झालं होतं की स्वतःच्या चोखपणाचा त्यांना पहिल्यांदा राग आला. वर झाडंही थकलेली. खालून पानं पिवळी पडत होती. हंगामी झाड ते, तुम्ही कितीही कापा, त्याचा दिवस भरला की भरला.

"आईपासून चालत आलेलं बी," मामा पायरीवर बसून म्हणाले, "माझ्या हाताने संपलं."

"दुसऱ्यांच्या डोक्याला रोज हात लावता," मामी म्हणाल्या, "एकदा स्वतःच्याही लावायचा होता. आता डबाभर कुठून आणणार?"

"चमचाभर तरी झालं पाहिजे."

"आणि सांगून टाकलं आक्कांना, तर?"

मामांनी मामींकडे असं बघितलं की मामींनी तो विषय सोडला. आक्का रागावली असती तर चाललं असतं. पण ती रागावणार नाही, 'असू दे' म्हणेल, आणि पाचव्या मजल्यावर रिकाम्या कुंड्यांसमोर बसेल. ते चित्र मामांना सोसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते नर्सरीत जाऊन आले. नर्सरीवाल्याने एक पाकीट दाखवलं. त्यावरचं फूल बुटकं, गच्च पाकळ्यांचं, आणि तांबड्या डागाचा पत्ता नाही. "साधी रानातली नाही का?" मामांनी विचारलं. "ती कोण विकत घेतो?" नर्सरीवाला म्हणाला. आक्का असल्या फुलाला एका नजरेत ओळखेल, आणि मग खोट्याला खोटं जोडल्यासारखं होईल, म्हणून मामा हात हलवत परत आले.

आता मार्ग एकच होता. झाडांवर उरलेल्या कळ्या फुलू द्यायच्या, वाळू द्यायच्या, आणि हात लावायचा नाही. सांगायला सोपं. सलूनमध्ये दिवसाला दहा डोकी व्यवस्थित करायची आणि दारातलं अकरावं डोकं पिंजारलेलं बघायचं, हे मामांना किती जड गेलं ते त्यांनाच ठाऊक. फुलं उतरली. पाकळ्या गळून बोंडं तपकिरी झाली, देठ आडवे पडले, पानांचा पेंढा झाला. मामा वाफ्याकडे पाठ करून उभे राहायचे, पण आरशात तो दिसायचाच. रविवारी आक्काने फुलांचं विचारलं की 'आहेत, आहेत' म्हणून लगेच फोन मामींच्या हातात द्यायचे. सकाळी शटर वर केलं की कात्री मामींच्या ताब्यात, पहिलं गिऱ्हाईक खुर्चीत बसल्यावरच हातात.

शेजारच्या घड्याळवाल्याला तर आयतंच कोलीत मिळालं. तो त्याच्या काचेच्या पेटीमागून मान बाहेर काढून म्हणायचा, "मामा, तुमच्या दारात हा अवतार? उद्या माझ्या दुकानातली घड्याळं बंद पडली तर लोकांनी जायचं कुठे?"

"तुझी चालू कधी होती?" मामा म्हणायचे. पण चेहरा पडलेलाच.

मग पाखरं आली. चिमणीहून लहान, थव्याने, आणि थेट बोंडांवरच. मामांनी हातवारे केले, टॉवेल झटकला, शेवटी सलूनमधलं पांढरं कापड आणलं. त्यांच्या डोक्यात त्या घडीला जे एकमेव तंत्र होतं ते त्यांनी वापरलं. सगळे देठ एकत्र घेऊन मोळी बांधली आणि तिच्या गळ्याभोवती ते कापड लपेटून मागे गाठ मारली, गिऱ्हाइकाला बांधतात तशी. वर बोंडांचं पिंजारलेलं डोकं, खाली पांढरा घोळ. पडेल ते बी कापडात पडणार. डोक्यावर भाजीची जाळी पालथी घातली, म्हणजे पाखरांचा बंदोबस्त. रस्त्यावरची माणसं आता पूर्वीपेक्षा जास्त थांबायला लागली. एकाने तर गंभीरपणे विचारलं, "यांचा नंबर माझ्या आधी आहे का?"

एका सकाळी कापडाच्या घडीत मामांना पाच-सहा काळे ठिपके दिसले. ते तळहातावर घेऊन घड्याळवाल्याकडे पळाले. घड्याळवाल्याने डोळ्याला भिंग लावलं, चिमट्याने एक ठिपका उचलला, फिरवून फिरवून बघितला.

"बी आहे," तो म्हणाला. "पक्कं, भरलेलं." आणि पहिल्यांदाच थट्टा न करता पुढे म्हणाला, "झालं की हो, मामा."

मामांना त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. त्याऐवजी त्यांनी त्याची दाढी फुकट केली.

पण आनंदाच्या भरात एक घोटाळा झाला. ते कापड झटकून मामांनी बी काचेच्या वाटीत काढलं आणि तेच कापड सवयीने पुढच्या गिऱ्हाइकाला बांधलं. गिऱ्हाईक होता विमा एजंट. माणूस अतिशय टापटिपीचा, नखंसुद्धा कानशीने घासणारा. अर्धी दाढी झाली असेल. त्याने छातीवर नजर टाकली, तर पांढऱ्याशुभ्र कापडावर तीन काळे, चपटे, वाकडे जीव बसलेले.

"मामा," तो ओठ न हलवता म्हणाला, "हे काय आहे?"

मामा खरं बोलून गेले. "गोचिडी."

एजंट गालाला फेस आणि गळ्यात कापड घेऊन थेट चढाच्या टोकापर्यंत गेला. मामा मागोमाग ओरडत, "अहो, कापड! कापड झटकू नका!" त्या तीन बियांसाठी माणूस एवढा धावतोय हे बघणाऱ्यांना कसं कळावं? मामांनी त्याला कोपऱ्यावर गाठलं, आधी कापडावरचे दाणे टिपून खिशात टाकले आणि मग त्याची माफी मागितली. पुढचे चार दिवस सलूनमध्ये माशी आली नाही. घड्याळवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावत होता, पण त्याला हसू आवरत नव्हतं, त्यामुळे कुणाचा विश्वास बसेना.

महिना सरला. वाटीत तळ झाकेल एवढं बी जमलं. डबाभर नाही, चमचाभरही जेमतेम. मामांनी ते एका स्वच्छ डबीत भरलं आणि डबी हलवून बघितली. आवाज फारच गरीब आला.

आणि आक्का आली. टॅक्सी सलूनसमोर थांबली, दार उघडलं. आक्का उतरली, ती मामांकडे न बघता, मामींकडे न बघता, सरळ वाफ्याकडे गेली. तिथे पांढरं कापड बांधलेला, जाळी घातलेला एक वाळका भारा उभा होता. आजूबाजूला पेंढा.

आक्काचा चेहरा उतरला. मामांनी तो बरोबर बघितला. थोरल्या बहिणीचा चेहरा वाचायला त्यांना भिंग लागत नव्हतं.

"आक्का," ते घाईघाईने म्हणाले, "मी खोटं बोललो. डबा नाही. मी सगळी बोंडं कापून टाकली. रोज. तीन महिने. मग तुझा फोन आला आणि... हे एवढंच वाचलंय." त्यांनी डबी पुढे केली.

आक्काने डबी घेतली, उघडली, बोट फिरवून बघितलं आणि बंद केली. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"अरे, फुलं रोज नवी आणि बी डबाभर, एकाच झाडाला दोन्ही कसं जमेल? तू तोंड उघडलंस तेव्हाच कळलं की तू कापत सुटलायस." ती पायरीवर बसली. "मी काही बी न्यायला नव्हते आले रे. फुलं बघायला आले होते."

मामा तिच्या शेजारी पायरीवर टेकले.

"आई काय करायची, आठवतं? दीड महिना झाला की म्हणायची, बास, आता हात लावायचा नाही, बी धरायचंय. मग सगळं वाळायचं. आईनंतर मीही तेच केलं. कधी एक फूल तोडून ग्लासात ठेवलं नाही. तोडलं तर पुढे बहर वाढतो हेसुद्धा मला तुझ्या फोनवरून कळलं. जन्म गेला माझा पुढच्या वर्षीची सोय करण्यात. तू फोनवर सांगायचास, रोज नवी, रोज नवी... म्हटलं, एकदा जाऊन बघू तरी, ती नुसती फुलत राहतात तेव्हा कशी दिसतात."

"आणि मी तुझ्यासाठी त्यांना वाळवलं," मामा म्हणाले.

"हो ना."

दोघं त्या कापड बांधलेल्या भाऱ्याकडे बघत राहिले. आधी आक्काला हसू आलं, मग मामांना, आणि मग ते थांबेना. मामांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळं हसण्याचं नव्हतं. बहीण गेल्यापासून त्यांना करमत नव्हतं, हे त्यांनी इतक्या महिन्यांत कुणाला सांगितलं नव्हतं. आता हुंदक्यासकट सांगून टाकलं. घड्याळवाल्याने सभ्यपणे मान आत घेतली.

"तिकडे सगळे फार चांगले आहेत," आक्का डोळे पुसत म्हणाली. "पण नातू दिवसभर शाळेत, लेक-जावई कामावर. माझ्यावाचून तिथे कुणाचं काही अडत नाही." तिने डबी पुन्हा उघडली. "ताजं बी आहे. हवाही अजून बरी आहे. वर्षातून एकदाच पेरायचं, असं कुणी सांगितलंय?"

"आईने."

"आईला विचारायला आता कोण जातंय! निम्मा वाफा तुझा, काप हवं तेवढं. निम्मा माझा, बी धरायला. कठड्याच्या बाजूचा मला दे, पायरीच्या बाजूला तुझा हात पोचतो." मग तिचा आवाज जरा चाचरला. तिने दाराकडे बघितलं. "म्हणजे फुलं येईपर्यंत मला राहावं लागेल. तुम्हा दोघांना चालणार असेल तर."

मामांनी मामींकडे बघितलं. आक्काची वरची खोली रिकामीच होती, पण स्वयंपाकघर एकच होतं. मामी इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून, हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"पेरल्यापासून फुलायला किती महिने लागतात?" मामींनी विचारलं.

"दोन-अडीच महिने," आक्का म्हणाली.

"एवढेच?" मामी म्हणाल्या, आणि आक्काची पिशवी उचलून आत गेल्या.